‘करून देणे’ आणि ‘करू लागणे’ : वऱ्हाडातील घरदुरुस्ती आणि परस्परसाहाय्याची परिभाषा

गावाचा आकार सांगताना मराठी भाषक माणसांची संख्या क्वचितच सांगतो. ‘शंभर उंबऱ्यांचे गाव’ असे तो म्हणतो. सार्वजनिक कामासाठी माणसे बोलवावयाची झाल्यास ‘घरटी एक माणूस’ असा पुकारा होतो, आणि वर्गणी गोळा करावयाची झाल्यास तीही घरटीच ठरते. गावाचे एकक घर आहे, असा या भाषिक व्यवहाराचा अर्थ होय. त्यामुळे एखादे घर पडले, तर ती केवळ त्या कुटुंबाची हानी राहत नाही. गावाच्या मोजणीतून एक उंबरा वजा होतो.

मोडलेल्या गावासाठी भाषेत जे शब्द आहेत, तेही याच कल्पनेशी निगडित आहेत. ‘बेचिराख’ हा शब्द आज आपण ‘जळून राख झालेला’ अशा अर्थाने वापरतो. परंतु त्याचे मूळ रूप ‘बेचिराग’ हे फारसी असून त्याचा अर्थ ‘जेथे दिवा लागत नाही असे’ एवढाच आहे. महसुली दप्तरांत ओसाड गावास ‘बेचिराग’ म्हणत. मराठी कानांना ‘चिराग’ अपरिचित व ‘राख’ परिचित. म्हणून लोकव्युत्पत्तीने शब्द बदलला आणि त्याबरोबर अर्थही. मूळ अर्थात आग नाही, संकट नाही; एकामागून एक घरातील दिवा विझत गेला, इतकेच आहे. विदर्भातील अनेक ग्रामनामांना जोडून येणारा ‘रिठी’ हा शब्दही अशाच वस्ती नसलेल्या मौजांचा निदर्शक आहे. गावे बहुधा अशा रीतीनेच मोडतात. गाजावाजा न होता, घराघराने.

हे ध्यानात घेतले म्हणजे गरजू शेजाऱ्याचे घर गावकऱ्यांनी स्वयंस्फूर्तीने दुरुस्त करणे या गोष्टीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ते एका व्यक्तीवर केलेले उपकार आहेत, की गावाने स्वतःची केलेली डागडुजी आहे? या प्रश्नाचे उत्तर नीतिशास्त्राने द्यावयाचे ते देईल. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भाषेच्या अंगाने, आणि मुख्यतः अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांच्या संदर्भात, केला आहे.

१. मातीच्या घराचे वेळापत्रक

शब्दांकडे वळण्यापूर्वी ज्या वस्तूविषयी हे शब्द आहेत ती वस्तू नीट पाहिली पाहिजे. गावाच्या भूमीचे मराठी शेतकरी दोन भाग करतो : ‘काळी’ आणि ‘पांढरी’. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. वऱ्हाडात हा भेद केवळ आलंकारिक नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील भारी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. कापसाला ती उत्तम, पण भिंतीला निरुपयोगी. म्हणून भिंतीसाठी पांढरी माती वापरावयाची. ज्यांना पूर्ण भिंत परवडत नसे, ते तुरीच्या तुराट्यांचा किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड करून तो शेणमातीने लिंपीत. वर मातीचे धाबे, गवताचे छप्पर किंवा कवेलू.

अशा घराचा शत्रू एकच, तो म्हणजे पाणी. मातीची भिंत भार चांगला सोसते. परंतु तिच्या माथ्यावर पाणी मुरू लागले की ती आतून मऊ होते, तळाशी फुगते आणि अखेर खचते. चार कवेलू सरकले एवढ्या कारणाने एका पावसाळ्यात भिंत जाऊ शकते. म्हणून मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, घर शाकारणे अपरिहार्य असे. नेमके हेच दिवस वखरणीचे व पेरणीपूर्व तयारीचे असतात. जेव्हा घराला हात हवे असतात, तेव्हाच शेतालाही हवे असतात.

या कामाचा दुसरा विशेष असा की, ते तुकड्यातुकड्यांनी करता येत नाही. छप्पर एकदा उतरविले की वळवाच्या पावसाने गाठण्यापूर्वी ते पुन्हा चढले पाहिजे. आढे उचलावयाचे, वासे बसवावयाचे, कवेलू हातोहात वर द्यावयाचे, खाली माती तुडवावयाची, मागाहून सारवण करावयाचे. या कामास थोड्या दिवसांसाठी पुष्कळ हात लागतात. धडधाकट माणसे असलेल्या कुटुंबासही हे एकट्याने जड जाते. ज्या घरात एकटी विधवा, वृद्ध दांपत्य किंवा आजारी कर्ता असेल, त्या घराला तर ते अशक्यच होते. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण मनुष्यस्वभावाविषयी आहे, असे आपण मानतो; पण मातीच्या घरात राहणाऱ्याला तिचा वाच्यार्थही पुरेपूर कळतो. कुटुंबाची स्थिती फिरली की छपराची निगा थांबते, आणि छपराची निगा थांबली की वासे खरोखरच फिरतात. ‘घर बसले’ या प्रयोगातही कुटुंब आणि इमारत यांचा असाच अभेद दिसतो.

२. सावड, इर्जिक आणि वेठ

अशा प्रसंगी शेजाऱ्यांनी मिळून काम करावयाचे, तर त्याला मराठीत शब्द कोणते? शेतीच्या व्यवहारातून आलेले तीन शब्द विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला शब्द ‘सावड’. दोन किंवा अधिक शेतकऱ्यांनी आपापले बैल, अवजारे व श्रम आळीपाळीने एकमेकांच्या शेतात लावावयाचे, हा या पद्धतीचा गाभा. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात. पैशाचा संबंध नाही, परंतु हिशेब मात्र आहे. तो वहीत नसला तरी दोघांच्याही मनात पक्का असतो. ज्याच्याकडे परत देण्यासारखे काही आहे, त्याच्याशीच सावड होते. म्हणून सावड ही समानांची संस्था होय.

दुसरा शब्द ‘इर्जिक’. नांगरणीसारखे मोठे काम एका दिवसात उरकावयाचे असल्यास शेतकरी गावातील इतरांना त्यांच्या औतांसह बोलावतो. ते मजुरी घेत नाहीत. यजमान त्यांना चांगले जेवण घालतो. ‘इर्जिक घालणे’ असा प्रयोग रूढ आहे, आणि त्यातील ‘घालणे’ हे क्रियापद ‘जेवण घालणे’ याची आठवण करून देते. येथे परतफेड श्रमाची नसून अन्नाची आहे. इर्जिकीत उत्सवाचा आनंद असतो खरा. परंतु ती घालावयास यजमानाच्या घरी धान्य असावे लागते.

तिसरा शब्द ‘वेठ’. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेल्या या शब्दाचा अर्थ सक्तीचे, विनामूल्य श्रम. फारसीतून आलेला ‘बेगार’ त्याचा जोडीदार. गावाच्या सामायिक कामाचा मोठा वाटा पूर्वी याच मार्गाने होत असे, आणि तो भार प्रामुख्याने अस्पृश्य मानलेल्या जातींवर पडत असे, ही गोष्ट गावाच्या ‘एकोप्या’चे गुणगान करताना विसरता येत नाही. ज्याला सावडीत घेतले जात नसे, त्यालाच वेठीला धरले जात असे. भारतीय राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बेगारीस बंदी केली, ती याच कारणासाठी.

आता या तिन्ही शब्दांची व्याप्ती गरजू शेजाऱ्याच्या घरापाशी नेऊन पाहावी. एकट्या वृद्धेचे छप्पर गळते आहे. ती सावड करू शकत नाही, कारण फेडावयास तिच्याजवळ श्रम नाहीत. ती इर्जिक घालू शकत नाही, कारण वीस माणसांना जेवू घालण्याइतके धान्य नाही. वेठीला ती कोणास धरणार? बलुतेदारीचा आधारही येथे अपुरा पडतो. सुताराच्या बलुत्यात प्रामुख्याने शेतीच्या अवजारांची दुरुस्ती येई, घराचे लाकूडकाम नव्हे. तात्पर्य, जिला साहाय्याची सर्वांत अधिक गरज, नेमके तिचेच घर परस्परसाहाय्याच्या जुन्या परिभाषेतून निसटते. शेजारधर्माने कोणी केले तर केले. परंतु त्या करण्याला संस्थेचे रूप नव्हते आणि म्हणून स्वतंत्र नावही नव्हते.

ही उणीव मराठी गावाचीच आहे असे नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत क्वेचुआ भाषकांमध्ये ‘आयनी’ म्हणजे श्रमाच्या बदल्यात श्रम, ‘मिंका’ म्हणजे अन्नपानाच्या बदल्यात सामूहिक श्रम आणि ‘मिता’ म्हणजे राज्याला द्यावयाचे सक्तीचे श्रम, अशी त्रयी आढळते. सावड, इर्जिक व वेठ यांच्याशी तिचे साम्य लक्षणीय आहे. स्पॅनिश अमलात हीच मिता पोतोसीच्या चांदीच्या खाणींतील वेठबिगारीचे साधन बनली. जपानमधील शिराकावा-गो येथील उंच गवती छपरे ‘यूई’ या पद्धतीने, साऱ्या वस्तीने मिळून बदलण्याची परंपरा आहे. १९९५ साली या गावांचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. तेथेही कोणी कोणाच्या घरासाठी काय दिले याची नोंद ठेवली जाई. परतफेडीचा हिशेब हा या सर्व संस्थांचा कणा आहे. जो हिशेबात बसत नाही त्याचे काय, हा प्रश्न सर्वत्र उरतोच.

३. दोन वऱ्हाडी संत आणि ‘श्रमदान’

विसाव्या शतकात या प्रश्नाला वऱ्हाडातून जे उत्तर मिळाले, ते दोन संतांच्या कार्यातून. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे बालपण मामांच्या घरी, आजच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे येथे, शेतीकामात गेले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. त्यानंतरच्या भ्रमंतीत त्यांचा एक नियम होता : कोणाच्या घरचे अन्न घ्यावयाचे तर आधी त्या घरचे काम करावयाचे. गावात शिरताच ते झाडू हाती घेत, कीर्तन त्यानंतर. प्रश्नामागून प्रश्न विचारून श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेणारी त्यांची वऱ्हाडी कीर्तनशैली प्रसिद्ध आहे. कामातही त्यांची रीत तीच होती. ‘गाव स्वच्छ करा’ अशी आज्ञा न करता ते स्वतः कामाला लागत, आणि पाहणाऱ्याला हातावर हात ठेवून बसणे अवघड होई.

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ही ज्यांना अन्यत्र दार बंद होते अशांसाठी होती; १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बेघरांना आसरा देणे हा त्यांच्या प्रसिद्ध दहा सूत्रांतील एक भाग आहे. स्वतःसाठी मात्र त्यांनी छप्पर बांधले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, प्रवासातच, त्यांचा देह पडला.

तुकडोजी महाराजांचा (१९०९–१९६८) जन्म अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेच्या मागे असलेली दृष्टी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’त विस्ताराने आली आहे. ४१ अध्यायांच्या या ओवीबद्ध ग्रंथात ग्रामनिर्माणकला व श्रमसंपत्ती यांना स्वतंत्र अध्याय आहेत, आणि ग्रंथ अर्पण केला आहे तो गावरूपी देवतेला. या अर्पणाला प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. गाव हेच दैवत ठरले की, गावातील कोणत्याही घरासाठी केलेल्या श्रमाची परतफेड त्या घराकडे मागता येत नाही. सावडीतील दोघांच्या व्यवहारात येथे तिसरा पक्ष येतो. देणारा गावाला देतो. घेणारा गावाकडून घेतो. दोघांमधील ऋण नाहीसे होते.

याच दशकात ‘श्रमदान’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. १९५१ साली विनोबा भाव्यांनी पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ केला, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. ‘विद्यादान’, ‘अन्नदान’ यांच्या धर्तीवरील हा समास भूदान, संपत्तिदान, ग्रामदान यांच्या पंक्तीत बसला. रस्ता, बांध, विहीर, शाळेची खोली, नाल्याचे खोलीकरण ही सारी कामे या शब्दाखाली आली. वऱ्हाडात त्याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे २०१६ सालची पाणी फाउंडेशनची ‘वॉटर कप’ स्पर्धा. तिच्या पहिल्या वर्षी निवडलेल्या तीन तालुक्यांपैकी एक अमरावती जिल्ह्यातील वरुड होता. पुढच्या वर्षी ही संख्या ३० तालुक्यांपर्यंत गेली. मृगापूर्वीचे तेच दिवस, तेच कुदळ-फावडे आणि पहाटेपासून कामाला लागलेली माणसे. जुन्या घरदुरुस्तीचा हंगाम येथे जलसंधारणाचा हंगाम झाला होता.

परंतु एक भेद नजरेआड करता येत नाही. बांधात अडलेले पाणी सर्वांचे असते. घर एकाचे असते. म्हणून बांधासाठी श्रमदानाची हाक देणे सोपे, आणि शेजारणीच्या छपरासाठी देणे अवघड. ‘तिचेच का, माझे का नाही?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. त्याचे उत्तर आरंभी पाहिलेल्या भाषिक व्यवहारातच आहे : ज्या गावाची मोजणी उंबऱ्यांनी होते, त्याला प्रत्येक उंबरा सामायिक आहे. मात्र हे उत्तर मनोमन पटलेले असावे लागते. ते नसेल तर श्रमदान रस्त्यापाशी थांबते, दाराच्या आत येत नाही.

४. ‘दान’ या पदाची अडचण

श्रमदान या शब्दाने जुन्या परिभाषेतील उणीव भरून काढली, पण स्वतःबरोबर एक नवी अडचण आणली. दान म्हटले की दाता आला, आणि दाता आला की याचक आला. सावडीतील दोघेही उभे असतात. दानात एकाचा हात वर आणि दुसऱ्याचा खाली असतो.

वाक्यरचनेकडे पाहिले असता हे अधिक स्पष्ट होते. ‘रामा आणि गणपत सावडीने पेरतात’ या वाक्यात दोघेही कर्ते आहेत. ‘रामाने इर्जिक घातली’ यात कर्ता तो, ज्याचे काम व्हावयाचे आहे. ‘पाटलाने रामाला वेठीला धरले’ यात श्रम करणारा कर्म होतो. आणि ‘तरुणांनी श्रमदान केले’ या वाक्यात श्रम करणारे कर्ते आहेत खरे. परंतु ज्याच्यासाठी ते केले तो वाक्यात दिसतच नाही. दान या क्रियेला संप्रदान हवे, असे व्याकरण सांगते. येथे तेच गळून पडले आहे. ज्या वाक्यात घराची मालकीण नाही, त्या कामात तरी ती कोठून असणार?

विनोबांना या अडचणीची जाणीव होती. गीतेच्या सोळाव्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्यांनी दानाचा अर्थ ‘संविभाग’ असा केला आहे. म्हणजे योग्य प्रकारे वाटून घेणे. विनोबा भूदानाच्या संदर्भात हा अर्थ पुनःपुन्हा पुढे मांडीत. श्रीलंकेत १९५८ साली ए. टी. अरियरत्ने यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सर्वोदय श्रमदान चळवळीनेही या शब्दाचा अर्थ ‘श्रमाची वाटणी’ असाच मानला. तथापि भाष्यकाराने दिलेला अर्थ आणि बोलणाऱ्याच्या मनातील अर्थ एकच असतो असे नाही. सामान्य मराठी माणसाच्या कानाला ‘दान’ हे दानच राहते, आणि ज्या स्त्रीने आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, ती असे दान नाकारून गळक्या छपराखाली राहणे पसंत करते. अशा नकाराला हट्ट म्हणणे सोपे आहे. वस्तुतः ती आपले गावातील स्थान राखीत असते.

५. मराठी क्रियापदांतील एक भेद

या ठिकाणी मराठी भाषेने एक मार्ग मोकळा ठेवला आहे. तो नामांत सापडत नाही, क्रियापदांत सापडतो. दुसऱ्याच्या कामात सहभागी होण्याचे तीन प्रकार मराठी संयुक्त क्रियापदे वेगळे करतात.

‘भिंत बांधून घेणे’ : येथे मालक कर्ता आहे; बांधणारा दुसराच, बहुधा मजूर.

‘भिंत बांधून देणे’ : येथे बांधणारा कर्ता आहे, मालक केवळ ग्राहक.

‘भिंत बांधू लागणे’ : येथे मालक बांधतोच आहे, आणि दुसरा त्याच्या कामाला येऊन मिळतो.

‘-ऊ लागणे’ हा प्रयोग व्याकरणात मुख्यतः आरंभार्थी म्हणून सांगितला जातो : ‘पाऊस पडू लागला’. परंतु संप्रदानासह आला असता त्याला साहाय्याचा अर्थ येतो : ‘मुलगी आईला भांडी घासू लागते’, ‘मला एवढे ओझे उचलू लाग’. या अर्थी प्रयोगाची अट अशी की, ज्याला साहाय्य होते तो स्वतः त्या कामात असला पाहिजे. आई निजली असेल आणि मुलगी भांडी घाशीत असेल, तर ती आईला भांडी ‘घासू लागते’ असे म्हणता येत नाही. ती ती ‘घासून देते’ किंवा ‘घासून टाकते’. विठ्ठल जनाबाईला दळू लागला, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. देवाने दळून दिले, असे ती परंपरा म्हणत नाही. जनाबाईचा हात खुंट्यावरून सुटलेला नाही. देवाचा हात त्याला येऊन मिळाला आहे. देव आणि दासी यांच्यातही ज्या क्रियापदाने उच्चनीचता शिल्लक ठेवली नाही, ते क्रियापद शेजाऱ्यांना पुरेसे असावे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. १९७६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेने घर मिळणाऱ्या कुटुंबाने बांधकामात स्वतः श्रम केले पाहिजेत, असा नियम ठेवला; २००६ साली लोणावळ्याजवळ अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्यासह स्वयंसेवकांनी घरे बांधली, तीही याच संस्थेच्या उपक्रमात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात जी गावे हलविली गेली नाहीत, तेथे घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचे काम घरमालकांनी शासकीय साहाय्याने स्वतः करावे, असे धोरण ठरले. गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया संवाद साधणाऱ्या दुवा झाल्या : भिंतीला कोणती मजबुती हवी, साहित्य कसे वापरावे, हे त्या घरोघर समजावून सांगत. दोन्ही उदाहरणांचे स्वरूप भिन्न आहे. परंतु दोन्हींत घरमालकाला कर्त्याच्या स्थानावरून हटविलेले नाही.

६. आजचा प्रसंग

वऱ्हाडात आज या विचाराची निकड दोन कारणांनी वाढली आहे. पहिले कारण साहित्याचे. कवेलूंची जागा टिनपत्र्यांनी घेतली. पत्रा उन्हाळ्यात घर तापवितो, पण तो दरवर्षी शाकारावा लागत नाही. त्यामुळे दर वैशाखात शेजाऱ्याच्या छपरावर चढण्याचे निमित्तच संपले. जी सवय वर्षातून एकदा तरी घडत होती, ती पिढीभरात विसरली जाते. सवयीबरोबर तिचे शब्दही जातात. शासकीय साहाय्याचा भरही नव्या पक्क्या घरावर राहिला आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. या साहाय्याचे मोल मोठे आहे. पण त्यात घर ‘बांधून घेतले’ जाते. भिंत एका बाजूने खचली आहे, दोन वासे कुजले आहेत, दार निखळले आहे, अशा लहान पण घातक दुरुस्तीला शेजारचा हातच उपयोगी पडतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १ जुलै २००६ रोजी केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी साहाय्ययोजना जाहीर केली. त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे होते. अशा प्रत्येक मृत्यूमागे बहुधा एक स्त्री शेत, कर्ज, मुले आणि घर यांच्यासह मागे राहते. तिच्या दाराशी सांत्वनाला माणसे येतात आणि जातात. मृगापूर्वी तिच्या छपरावर कोणी चढते की नाही, यावर ती त्या गावात राहते की मुलांना घेऊन माहेरी किंवा शहराकडे निघून जाते, हे पुष्कळदा ठरते. उंबरा राहतो किंवा वजा होतो.

अशा घराची दुरुस्ती गावाने हाती घ्यावयाची, तर वरील विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. काम कोणते करावयाचे हे घरमालकिणीने सांगावे; तिच्या घराचा निर्णय तिच्या परोक्ष होऊ नये. तिच्या शक्तीनुसार तिचा वाटा कामात असावा, मग तो माती भिजविण्याचा असो, सारवणाचा असो वा पाणी देण्याचा असो. वाटा लहान असला तरी चालेल, पण तो असला पाहिजे. ‘-ऊ लागणे’ या प्रयोगाची अट तेवढीच आहे. परतफेड तिने करणाऱ्यांना न करता पुढच्या घराला करावी, म्हणजे ऋण एका माणसापाशी साचत नाही आणि हिशेब गावाचा राहतो. कामाला येणारे हात एका जातीचे किंवा एका आळीचे नसावेत, नाहीतर जुन्या सावडीचे कुंपण नव्या नावाने उभे राहील. आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही अशांना कामाला जुंपले जाऊ नये. तसे झाल्यास श्रमदानाची वेठ होण्यास वेळ लागत नाही.

‘गाव करी ते राव न करी’ अशी म्हण आहे. राव घर बांधून देऊ शकतो. ते त्याने अवश्य द्यावे. शेजारणीच्या हाताला हात लावून तिची भिंत बांधू लागणे मात्र रावाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते काम गावाचे, आणि त्यासाठी लागणारे क्रियापद मराठीत तयार आहे.